सुटकेच्या दिवशी दाराबाहेर कोण उभे असते?

वाचकांचे प्रश्न : शिक्षा आणि सुधारणा
(उत्तरे देणाऱ्या लेखिका ठाणे जिल्ह्यातून परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : गेल्या वर्षी संध्याकाळी फिरून परत येताना, अगदी घराजवळ, मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी माझे मंगळसूत्र हिसकावले. मी रस्त्यावर पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पट्टी बसवली, तरी आजही मला पोळ्या लाटता येत नाहीत. दोघांपैकी एक जण पकडला गेला. तो बावीस वर्षांचा आहे आणि सध्या तळोजाच्या कारागृहात आहे. कारागृहात योगवर्ग असतात, ग्रंथालय असते, कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचा दिवाळीत मेळा भरतो, असे मी वर्तमानपत्रात वाचते. माझ्या मनगटावरचा उपचार मी माझ्या पेन्शनमधून करते आणि ज्याने ते मोडले त्याच्या जेवणाचा आणि सुधारणेचा खर्च सरकार करते, यात न्याय कोणता? सुधारणेबद्दल बोलणाऱ्यांना आमच्यासारख्यांची आठवण तरी असते का?
— एक वाचक (वय ६१), ऐरोली

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा पोळ्यांच्या वाक्यापाशी थांबले. पोलिसांच्या कागदावर 'मनगटास दुखापत' एवढेच लिहिलेले असेल. पण लाटणे हातात धरता न येणे, अंघोळीची बादली दुसऱ्याने उचलून द्यावी लागणे आणि मागून मोटारसायकलचा आवाज आला की भिंतीकडे सरकणे हे कोणत्याही दोषारोपपत्रात मावत नाही. म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. आपली आठवण पुरेशी ठेवली जात नाही, हे खरे आहे. नोकरीत असताना मी न्यायालयासाठी शेकडो अहवाल लिहिले. आरोपीचे घर, शिक्षण, व्यसन, संगत या साऱ्यांची चौकशी मी करत असे. पण ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्या दारात मी फार थोड्या वेळा गेले. त्याचे मला आजही वाईट वाटते.

मात्र त्याच्यावर होणारा खर्च आपल्या वाट्यातून कापला जातो, हे मला पटत नाही. ते का, हे जरा सविस्तर सांगावे लागेल.

तो मुलगा आज शिक्षा भोगत नाही आणि त्याची सुधारणाही चाललेली नाही. खटला संपलेला नसल्यामुळे तो 'कच्चा कैदी' आहे, कागदोपत्री भाषेत न्यायाधीन बंदी. दिवाळी मेळ्यात आपण पाहतो त्या खुर्च्या, चादरी आणि पणत्या सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्यांच्या हातच्या असतात. कच्च्या कैद्याला काम करण्याची सक्ती नाही आणि बहुतेकदा त्याला देण्याजोगे कामही नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांना सामावून घेण्याची क्षमता होती ४,३६,२६६. या बंदींपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. शिक्षा की सुधारणा, हा वाद आपण ज्यांच्याबद्दल घालतो त्यांतल्या बहुतेकांपर्यंत यांपैकी काहीच पोहोचलेले नसते. ते नुसते थांबलेले असतात. तारखेला न्यायालयात नेण्यासाठी पोलिसांची गार्ड मिळाली नाही, की पुढची तारीख पडते.

तळोजाचे कारागृह ठाण्याच्या मानाने नवे आहे. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आहे. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला, १७७४च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्यांनी त्याचा तुरुंग केला. क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी देण्यात आले, म्हणून ठाणेकरांना त्या भिंतींबद्दल आदर वाटतो आणि तो योग्यच आहे. पण आजचा प्रश्न त्या भिंतींच्या आतल्या जागेचा आहे. साधारण १,१०० बंदींसाठी मंजूर असलेल्या या कारागृहात गेल्या काही वर्षांत तिपटीहून अधिक माणसे राहिली आहेत. बराकीत रात्री एकाने कूस बदलली, की शेजारच्यालाही बदलावी लागते. योगवर्ग होतात, हे आपण वाचले ते खरे आहे; पण तीन-चार हजार माणसांच्या वस्तीत एका वर्गाला किती जण बसू शकतील, याचा हिशेब बातमीत नसतो. अशा जागी बावीस वर्षांचा मुलगा सर्वांत लवकर काही शिकतो ते शेजारच्या अंथरुणावरच्या माणसाकडून, आणि तो माणूस त्याच्याहून मुरलेला असतो.

आता शिक्षेकडे वळू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली हिसकावून केलेल्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षे कैद आहे. आपल्याला दुखापत झाल्यामुळे जबरी चोरीचे कलम लागले असेल, तर कायद्यात त्याहून बरीच मोठी शिक्षा आहे. तीन वर्षे होवोत वा दहा, तो एक दिवस बाहेर येणार आणि तेव्हा त्याची तिशी नुकतीच उलटलेली असेल किंवा उलटायची असेल. कठोर शिक्षेची मागणी करणाऱ्या कोणालाही मी इतकेच विचारते, की त्या दिवशी तो कोणत्या रस्त्याने जाईल, याचा विचार आपण केला आहे का?

एक संध्याकाळ मी विसरलेले नाही. ठाणे कारागृहाच्या दाराबाहेर एका कामासाठी मी थांबले होते. जामिनाचा आदेश पोहोचला होता आणि एक विशीतला मुलगा बाहेर आला. मे महिना असूनही त्याच्या अंगात जाड स्वेटर होता, कारण अटक जानेवारीत झाली होती आणि दुसरे कपडे घरून कोणी आणून दिले नव्हते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कोर्टाचे कागद आणि बंद पडलेला मोबाइल. त्याची आई घोडबंदर रस्त्यावर तीन घरची धुणीभांडी करत असे. मुलगा सुटतो आहे, हे तिला कळवायला कोणी नव्हते. पण दुसऱ्या कोणाला तरी ते कळले होते. झाडाखाली एक मोटारसायकल उभी होती. तिच्यावरच्या माणसाने काही न बोलता वडापावची पुडी पुढे केली, मुलाने ती घेतली आणि तो मागे बसला. सगळे मिळून दोन मिनिटेही लागली नसतील. चार महिन्यांनी त्याचे नाव पुन्हा माझ्यासमोरच्या कागदावर आले, तेव्हा तक्रारदार एक शिक्षिका होत्या. जामिनाच्या दिवशी त्या दाराशी त्याची आई, एखादा समाजकार्यकर्ता किंवा मी स्वतः उभी असते, तर त्या शिक्षिकेचे मंगळसूत्र वाचले असते, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण त्या दोन मिनिटांत सरकारच्या बाजूने तिथे कोणीही नव्हते, एवढे मात्र नक्की सांगू शकते.

माझ्या मते सुधारणा म्हणजे हेच काम. ज्याचे मंगळसूत्र अजून गळ्यात आहे, त्याच्यासाठी ते करायचे असते. कैद्याचे लाड त्यात कुठेही नाहीत. स्वातंत्र्य काढून घेणे हीच न्यायालयाने दिलेली शिक्षा. आत गेल्यावर अपमान, गर्दी आणि रिकामे दिवस यांची भर घालावी, असे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या काळात, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, हे वारंवार सांगितले. आपल्या राज्याच्या कारागृह विभागाचे ब्रीदही 'सुधारणा व पुनर्वसन' असेच आहे.

सुधारणेचा प्रत्येक उपक्रम उपयोगी पडतो, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांनी १९७४ साली अशा उपक्रमांचा आढावा घेऊन फारसा परिणाम दिसत नाही, असे लिहिले. 'काहीच उपयोग होत नाही' ही त्याची घोषणा झाली आणि तिच्या आधारे तिकडे वर्षानुवर्षे तुरुंग वाढत गेले. खुद्द मार्टिन्सन यांनी १९७९ साली आपले मत दुरुस्त केले, तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. माझा अनुभव असा, की पाहुणे आले म्हणून भरवलेल्या एका दिवसाच्या शिबिराने काहीही साधत नाही. हाताला येणारे कौशल्य, व्यसनावर सलग उपचार, घरच्यांशी तुटू न दिलेले नाते आणि सुटल्यानंतरचे पहिले काही महिने कोणीतरी ठेवलेला संपर्क, या चार गोष्टी सलग झाल्या तर फरक पडताना मी पाहिला आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरात हेच काम करत आला आहे. सरकारी यंत्रणेत मात्र असे काम करणारी माणसे फार अपुरी आहेत.

सुधारणेचा विषय निघाला, की लोक नॉर्वेतील तुरुंगांचे उदाहरण देतात. मला सांगली जिल्ह्यातील आटपाडीचे द्यावेसे वाटते. औंध संस्थानाने १९३९ साली तिथे स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू केली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना; राजेसाहेबांनी ती उचलून धरली. शिक्षा झालेली माणसे भिंतीविना, बायकामुलांसह राहून शेती करतात आणि तरीही ती शिक्षाच असते, कारण ती जागा सोडून जाता येत नाही. संख्या लहान आहे हे खरे, पण ती वसाहत एका गरीब दुष्काळी भागात, युरोपातल्या पैशाशिवाय उभी राहिली.

आता आपल्या खर्चाचा प्रश्न. १९५८ च्या परिविक्षा कायद्याप्रमाणे, ज्या गुन्ह्यांना फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नाही अशा गुन्ह्यांत, न्यायालय दोषी व्यक्तीला कारागृहात न पाठवता देखरेखीखाली सोडू शकते. हे बरेच जण जाणतात. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये, असे सोडताना गुन्ह्यामुळे झालेल्या हानीची भरपाई त्याच्याकडून देववण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. तो मात्र वकिलांनाही क्वचित आठवतो. शिक्षा झाली, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली भरपाईचा आदेश होऊ शकतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे, की प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. कैद्यांच्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढण्याचा कायदा राज्यांनी करावा, असेही त्याच न्यायालयाने १९९८ मध्ये सुचवले होते. आपल्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला दिसत नाही : त्याला काम द्यावे, त्या कामाची रास्त मजुरी द्यावी आणि त्या मजुरीतून आपल्या मनगटाचा खर्च निघावा. रिकामा बसलेला कैदी कोणाचेही देणे फेडू शकत नाही.

तोपर्यंत आपण पुढील गोष्टी जरूर कराव्यात. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत आपल्याला कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले नसेल, तर लेखी विचारावे. मंगळसूत्र मुद्देमालात जमा असेल, तर खटला संपण्याची वाट न पाहता ते बंधपत्रावर परत मिळावे, असा अर्ज न्यायालयात करता येतो. शस्त्रक्रियेची आणि फिजिओथेरपीची सर्व बिले एका फाइलमध्ये लावून सरकारी वकिलांना भेटावे आणि भरपाईची मागणी युक्तिवादात यावी, असा आग्रह धरावा. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. न्यायालयात त्या मुलाकडे पाहावेसे वाटले नाही, तर पाहू नये. त्याला क्षमा करणे हे आपले कर्तव्य आहे, असे आपल्याला कोणी सांगत असेल, तर तेही मनावर घेऊ नये. त्याला सुधारण्याची जबाबदारी सरकारची आहे, आपली नाही.

प्रश्न : जन्मठेप म्हणजे १४ वर्षेच आणि दिवस व रात्र वेगवेगळे मोजत असल्यामुळे प्रत्यक्षात सात, असे आमच्या कट्ट्यावर एकाने सांगितले. हे खरे आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे

उत्तर : दोन्ही चूक आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच स्पष्ट केले आहे. चौदा वर्षांचा आकडा आला तो १९७८ मध्ये जोडलेल्या एका कलमातून : ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्या व्यक्तीला किमान १४ वर्षे प्रत्यक्ष कारागृहात काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. ती सुटकेचा विचार सुरू होण्याची किमान मर्यादा आहे, हक्क नव्हे. दिवस-रात्रीच्या गणिताला कोणताही आधार नाही. वर्तणूक आणि काम यांवर मिळणारी माफी, म्हणजे शिक्षेच्या दिवसांतली सूट, हा वेगळा विषय, आणि शिक्षणालाही आता त्यात स्थान आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रे कारागृहांत चालतात आणि परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या बंदींना विशेष माफी दिली जाते.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील एका सभासदांचा मुलगा मारामारीत एकाचा मृत्यू झाल्याच्या गुन्ह्यात सात वर्षे शिक्षा भोगून परत आला आहे. आत त्याने वायरमनचे काम शिकले. जिन्यातील दिवे, पंप आणि किरकोळ दुरुस्तीचे काम सोसायटीने त्याला द्यावे, अशी त्याच्या वडिलांची विनंती आहे. निम्मे सभासद तयार आहेत; बाकीचे म्हणतात, उद्या काही झाले तर सचिव म्हणून जबाबदार तुम्ही. मी काय करावे?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, कोपरखैरणे

उत्तर : आपण दोन वेगळे विषय एका सभेत येऊ देऊ नयेत. तो आपल्या वडिलांच्या घरी राहतो, हा सभेपुढचा विषयच नाही. तसा ठराव कोणी मांडू लागला, तर अध्यक्षांनी तो घेऊ नये. काम द्यावे की नाही, एवढाच प्रश्न आपल्यापुढे आहे आणि खासगी कामासाठी त्याला कोणत्याही कायद्याने मनाई नाही.

विरोध करणाऱ्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. त्यांना बोलू द्यावे, मात्र समोरासमोर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे, कारण तिथे लिहिलेले संध्याकाळपर्यंत त्या घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर असते. त्यांना हेही विचारावे, की सध्या पंप दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाबद्दल त्यांना काय ठाऊक आहे? बहुधा काहीच नसते. या मुलाचा गुन्हा, त्याची शिक्षा, त्याचे आईवडील, त्याची आजची दिनचर्या हे सारे आपल्याला ठाऊक आहे. हिंसेचा गुन्हा झालेला आहे, म्हणून तो कोणत्या परिस्थितीत घडला, दारूचा त्यात भाग होता का आणि ती आता सुटली आहे का, हे त्याला स्वतः बसवून विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. उत्तर देताना तो मेलेल्या माणसाबद्दल काय बोलतो, याकडे मी नोकरीत असताना नेहमी लक्ष देत असे. 'माझे नशीब फुटके' असे म्हणणारा आणि 'त्याच्या मुलांचे काय झाले असेल' असे म्हणणारा, या दोघांचे माझे अहवाल सारखे नसत.

काम देताना इतरांना लावता तेच नियम लावावेत, कमी नको आणि जास्तही नको. विजेचे काम असल्यामुळे त्याने परवानाधारक कंत्राटदाराच्या हाताखाली ते करावे. हे सुरक्षिततेसाठी सर्वांनाच लागू आहे. सुरुवातीला सहा महिन्यांचा लेखी कार्यादेश द्यावा, त्यावर व्यवस्थापन समितीच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे जबाबदारी एकट्या सचिवावर राहणार नाही. 'बिचाऱ्याला मदत' म्हणून दर कमी-जास्त करू नये. पैसे रोख न देता पहिल्या महिन्यापासून धनादेशाने द्यावेत आणि बिलावर त्याचे पूर्ण नाव असावे. पुढे दुसरीकडे काम मागायला जाईल, तेव्हा दाखवायला त्याच्याजवळ कारागृहाच्या शिक्क्याशिवायचा तो पहिला कागद असेल.